न्यायाची घोंगडी

त्या दिवशी उंबरसोंडेवर असं धुकं उतरलं होतं की माणसाला स्वतःच्या पायातली वहाण दिसेना. मार्गशीर्षातली सकाळ, त्यात नाथाच्या जत्रेचा दिवस. देवळाचा कळस गेला, वड गेला, ओढा गेला. राहिले ते नुसते आवाज.

"वाटेत कोण गात हुतं रं, श्रीपा?"

हैबतीबुवांनी मान वर न करता विचारलं. अंगणातल्या चुलीवर खापर ठेवून ते वाळूत शेंगा भाजत होते.

श्रीपती शेलार ओढ्यावरून अंघोळ करून आला होता. धुतलेल्या धोतराचा पिळा खांद्यावर तसाच.

"कळलं नाही, बुवा. धुक्यात माणूसच दिसला नाही."

"गाणं कसं हुतं?"

"कोण ते कळल्याशिवाय कसं होतं ते कसं सांगायचं?"

बुवांनी शेंगा हलवल्या. खापरातली वाळू खसखसली.

"थांबला हुतास काय?"

"थांबलो की. कोण हाय ते बघायला."

"मंग?"

"मग काय... दिसलं नाही कुणी. गाणंही थांबलं. आलो."

बुवांनी आता मान वर केली. श्रीपतीच्या सदऱ्याकडं बघितलं. पिळ्याचं पाणी गळून गळून खांद्यापासून कमरेपर्यंत सदरा चिंब झाला होता.

"एवढा भिजस्तवर?"

श्रीपतीनं सदरा बघितला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण त्याचं चित्त दुसरीकडं होतं. आजच्या दिवशी त्याला सदऱ्याची कुठली पर्वा?

आता हा श्रीपती कोण, ते सांगितलं पाहिजे.

उंबरसोंडेत तीन आळ्या. वरची, खालची आणि मधली. श्रीपती मधल्या आळीतला, हैबतीबुवाही मधल्याच आळीतले. दोघांच्या घरांची भिंत एक, परसही एकच, मध्ये छातीएवढा मातीचा बांध. इकडं तवा ठेवला की तिकडं भाकरीचा वास.

श्रीपतीचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न असो, बारसं असो, की पुढाऱ्याची सभा, झाडाला कर्णा बांधायचा तो श्रीपतीनंच. त्याच्या दुकानात कॅसेटी अशा रचलेल्या की भिंत दिसायची नाही. मोठमोठ्या गवयांच्या मैफली त्यानं पुण्याला जाऊन, थंडीत कुडकुडत, रात्र रात्र बसून ऐकलेल्या. त्यामुळं गाणं म्हटलं की गावात शब्द श्रीपतरावांचा. कुणी गायला लागलं की हा डोळे मिटायचा, आणि गाणं संपायच्या आधीच सांगायचा, ह्याची तान अमक्यासारखी, पण कच्ची. त्याचा सूर तमक्याचा, पण उसना. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाबा रे, आपण तर नुसतंच ऐकत होतो.

आणि ह्याला पाहिजे होती न्यायाची घोंगडी.

उंबरसोंडेत जत्रेच्या दुपारी वरच्या आळीचं भजनी मंडळ आणि खालच्या आळीचं भजनी मंडळ समोरासमोर बसतात. आधी एक गातं, मग दुसरं. जिंकेल त्याला वर्षभर नाथाच्या पालखीपुढं गायचा मान. एकदा पोरासोरांनी म्हटलं, हात वर करून मतं घेऊ या. घेतली. वरच्या आळीत उंबरे जास्त, म्हणून हात जास्त. दुसऱ्या मंडळानं तोंड उघडायच्या आधीच निकाल ठरलेला. वरच्या आळीच्या माणसाला खालच्या आळीचं गाणं कधी गोड लागलेलं नाही, आणि खालच्यांना वरच्यांचं. दुधाबरोबर पाजलेली गोष्ट ती.

म्हणून जुनी रीत पुन्हा धरली. न्याय मधल्या आळीच्या माणसानं करायचा. त्यानं दोन मंडळांच्या मध्ये काळी घोंगडी टाकून बसायचं, दोघांचं ऐकायचं, आणि उठून एका मंडळापुढं नारळ ठेवायचा. कारण सांगायचं नाही. कुणी विचारायचं नाही.

ती घोंगडी बरीच वर्षं हैबतीबुवांकडं होती. ऐन उमेदीत बुवांनी सगळा मुलूख गाऊन हलवलेला. आता आवाज गेला, गुडघे गेले. न्यायाला बसायचे तेव्हा ओच्यात भाजक्या शेंगा घेऊन बसायचे. चहाच्या टपरीवर चेष्टा चालायची, बुवा गाणं ऐकत्यात का शेंगा खात्यात? पण बुवांनी ठेवलेला नारळ कुणी उचलून परत केल्याचं माहीत नाही.

ह्या वर्षी बुवांनी पंचांना निरोप पाठवला होता. बसायला होत नाही. आज श्रीपाला बसवा. जमलं तर घोंगडी त्याची.

म्हणून श्रीपतीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"काय सांगायचं राहिलं असेल तर सांगा, बुवा," श्रीपती म्हणाला. म्हणाला आपला रीतीप्रमाणं. मनात त्याच्या, मला काय सांगणार म्हातारा.

बुवांनी खापर उतरवलं. शेंगा पाखडल्या. मग एक मूठ श्रीपतीच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात घातली, एक मूठ डाव्या.

"ही मूठ वरच्या आळीला. ही खालच्या आळीला."

"म्हणजे?"

"त्यांचं गाणं ऐकताना ही खायाची. ह्यांचं ऐकताना ही."

"आणि?"

"आन् काय... भाजल्यात चांगल्या."

श्रीपतीला हसू आलं. असेल जुनी रीत. न्याय करणाऱ्याचं तोंड चालतं राहावं, म्हणजे मध्येच काही बोलून जाणार नाही. त्यानं सदरा बदलला, शेंगा आठवणीनं नव्या सदऱ्यात भरल्या, बुवांच्या पायाला हात लावला आणि धुक्यात निघून गेला.

न्याय मात्र त्यानं आधीच करून टाकला होता.

आदल्याच दिवशी टपरीवर त्यानं सांगितलं होतं, ह्यात ऐकायचं काय आहे? वरच्या आळीचे जयवंतराव मिरजेला राहून गाणं शिकलेले. त्यांची पेटी नवी, पखवाजवाला नावाजलेला, बसणं कसं, उठणं कसं. आणि खालच्या आळीचा केरबा? त्याला वरचा सूर लागत नाही, खालचा टिकत नाही. म्हशी हाकून हाकून घसा फाटलेला. वर ह्याला माईक नको.

हे माईकचं श्रीपतीला फार लागलं होतं. तो भला माणूस आपणहोऊन, फुकट, खालच्या आळीलाही माईक द्यायला गेला होता. केरबा हात जोडून म्हणाला, दादा, राग धरू नका, पण तुमच्या कर्ण्यातनं माझा आवाज मलाच वळखू येत न्हाई.

ज्याला माईक कळत नाही त्याला सूर काय कळणार? श्रीपतीनं तेव्हाच मनात फुली मारली.

दुपारपर्यंत धुकं फाटलं. ऊन पडलं ते कसं, नव्या पितळेसारखं. देवळापुढचं पटांगण माणसांनी फुललं. पाळणे, भिंगऱ्या, भेळेच्या गाड्या, गोडी शेव, रेवड्या. बांगड्यावाल्यांपुढं बायकांची झुंबड. आसपासच्या गावांची माणसं गाड्या जुंपून आलेली. आणि वडाला श्रीपतीचे दोन कर्णे.

मंडपात काळी घोंगडी पसरली. श्रीपती तिच्यावर जाऊन बसला तेव्हा त्याला वाटलं, हिला आपल्या अंगाचा वास आधीपासूनच येत असणार.

हैबतीबुवाही काठी टेकत आले. एका खांबाला पाठ लावून बसले.

वरच्या आळीनं सुरुवात केली.

जयवंतराव रेशमी झब्बा घालून बसले होते. पेटीवर बोटं अशी फिरली की पुढं बसलेल्यांनी आधीच वाहवा देऊन टाकली. कर्णे घुमले. पार ओढ्यापलीकडं आवाज गेला असेल. श्रीपतीनं डोळे मिटले आणि मान डोलवायला घेतली.

ही मुरकी कुठली, त्यानं ओळखली. ती त्याच्या तिसऱ्या फळीवरच्या कॅसेटीतली. त्यानं शेंग फोडली.

हा आलाप मिरजेचा. शेंग फोडली. पखवाजवाल्यानं बोल टाकला, तो नेमका समेवर. वाहवा. शेंग फोडली. शेजारी बसलेल्या सरपंचांच्या कानाला लागून त्यानं सांगितलं, आता बघा, इथून हे वर जाणार. जयवंतराव वर गेले. श्रीपतीनं हात उडवला, जसं काही तोच गेला. आपला कर्णा वरच्या सुराला जरासुद्धा फाटला नाही, हेही त्यानं ऐकून ठेवलं.

सगळं बरोबर होतं. जिथं टाळी यायला पाहिजे तिथं टाळी आली. वरच्या आळीची माणसं तर उठून उभी राहिली. जयवंतरावांनी घोंगडीकडं बघून हात जोडले. श्रीपतीनं डोळ्यानंच सांगितलं, कळलं.

मग खालची आळी.

माईक बाजूला सारला. केरबा मधे बसला. सदरा धुतलेला पण इस्त्री नाही. समोरचे दोन दात नाहीत. त्यानं घसा खाकरला आणि सूर धरला, तो चुकीचा. जरा खाली गेला. पुन्हा धरला.

वरच्या आळीच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, म्हस पान्हवंना वाटतं. हशा पिकला.

श्रीपतीनं डाव्या खिशात हात घातला. एक, त्यानं मनात म्हटलं, सूर खाली. शेंग काढली. दोन, ठेका संथ. तीन...

पाळणेवाला ओरडत होता, त्यामुळं नीट ऐकू येईना. पुढच्या माणसानं मागच्याला गप्प केलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला. ती चूप अशी सरकत सरकत पटांगणाच्या कडेपर्यंत गेली. भेळवाल्यानं चमचा खाली ठेवला. बांगड्यावाल्यानं एका सासुरवाशिणीचा हात हातात धरलेला तसाच राहिला.

केरबा फार काही करत नव्हता. एकच ओळ म्हणत होता. टाळ त्याच्या मागून चालले होते, गुरं पाण्यावरून परत येतात तसे. कुणाला घाई नाही. ओळ येऊन गेली की वाटायचं, अजून एकदा आली तर बरं. ती यायची.

आणि मध्येच केरबा ओळ विसरला.

विसरला म्हणजे पार विसरला. तोंड उघडं. टाळ वाजतायत. टाळकरी एकमेकांकडं बघतायत. वरच्या आळीत कुजबूज उठली. श्रीपती घोंगडीवरून पुढं सरकला.

तेवढ्यात मागून, बायकांच्या गर्दीतून, एका म्हातारीनं ती ओळ उचलली. कापऱ्या आवाजात. मग तिच्या शेजारणीनं. मग खालच्या आळीच्या सगळ्या बायकांनी. केरबा गायचं सोडून ऐकत बसला, लेकरानं आईकडं बघावं तसा. ओळ पुरी झाली आणि त्यानं जो सूर लावला...

तो वरचाच सूर. त्याला न लागणारा.

श्रीपतीला पुढचं काही नीटसं आठवत नाही. टाळ थांबले एवढं आठवतं. टाळी आली नाही. बऱ्याच वेळानं कुठंतरी एक लेकरू रडलं, आणि मग लोकांना टाळ्यांची आठवण झाली.

श्रीपती भानावर आला. आणि भानावर आल्याबरोबर त्याची बुद्धी जागेवर आली.

सूर खाली, त्यानं मनात मोजलं. ठेका संथ. ओळ विसरला. भर मंडपात ओळ विसरला, ह्याहून मोठी चूक कुठली? बायकांनी सावरून घेतलं म्हणून, नाहीतर...

हिशेब सरळ होता. सरपंचांनी नारळ हातात दिला. श्रीपती उठला आणि वरच्या आळीकडं वळला. जयवंतरावांनी झब्बा सारखा केला. टाळ्यांसाठी हात वर आलेसुद्धा.

"श्रीपा."

हैबतीबुवा खांबापासून हाक मारत होते. हाक ती केवढी, पण श्रीपती थांबला.

"शेंग हाय का रं एखादी? तोंड कोरडं पडलंय."

लोक हसले. म्हातारा काय वेळ साधतोय.

श्रीपतीनंही हसून उजव्या खिशात हात घातला. खिशात टरफलं. नुसती टरफलं. दाणा एक नाही. मूठच्या मूठ कधी संपली त्याला कळलंही नव्हतं.

त्यानं नारळ उजव्या काखेत धरला आणि डाव्या खिशात डावा हात घातला.

डावा खिसा भरलेला होता. सकाळी भरला तसा.

आणि डाव्या हाताची मूठ उघडायला त्याला जरा जोर करावा लागला. कारण त्या मुठीत एक शेंग होती. अर्धी फोडलेली. घामानं ओली. दाणे आतच.

श्रीपती त्या शेंगेकडं बघत राहिला.

बुवांनी हात पुढं केला होता. तो तसाच पुढं.

त्या घडीला त्याच्या मनात काय काय आलं म्हणता. टपरीवर बोलून बसलो. जयवंतरावांना डोळ्यानं सांगून बसलो. धंद्यातली निम्मी लग्नं वरच्या आळीची, उद्या तालुक्याहून कर्णे आणतील. आणि खिशात काय आहे ते कुणाला दिसतंय? मला दिसतंय, आणि त्या म्हाताऱ्याला. म्हातारा तर बोलणार नाही. नारळ तिकडं ठेवला की मी शहाणा, घोंगडी माझी, सगळं ठीक.

पटांगण श्वास रोखून बसलेलं. पाळणेसुद्धा थांबलेले.

श्रीपतीनं खांबापाशी जाऊन ती ओली शेंग बुवांच्या हातावर ठेवली.

मग तो वळला, घोंगडीवरून आडवा गेला आणि नारळ केरबापुढं ठेवला.

आधी कुणालाच काही कळलं नाही. केरबाला तर मुळीच नाही. त्यानं नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि श्रीपतीच्या मागं चालत आला. हळूच म्हणाला, दादा, हे चुकून आमच्याकडं आलं. श्रीपतीनं त्याला खांद्याला धरून परत जागेवर नेऊन बसवलं. तेव्हा कुठं खालच्या आळीत एकच कल्लोळ उठला. फेटे उडाले, बुक्का उधळला, म्हाताऱ्या फुगड्या घालायला लागल्या. टाळ तर असे वाजले की वडावरचे पक्षी उठून आभाळात गेले.

जयवंतराव उठून आले. रीत मोडून त्यांनी विचारलं. राग होता, पण त्याहून जास्त दुखावलेपण होतं.

"श्रीपतराव, आमचं काय चुकलं ते सांगा."

"काहीच चुकलं नाही."

"आणि त्यांचं?"

"त्यांचं लई चुकलं."

श्रीपतीला आणखी सांगायचं होतं, पण त्याच्याकडं दुसरं काही नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा गाण्याबद्दल बोलायला त्याच्याजवळ शब्द नव्हते, आणि तोंड मात्र हसत होतं.

वरच्या आळीतले त्याला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. कर्णे सोडायला तो वडावर चढला तेव्हा खालून शिडी धरायला कुणी आलं नाही. मग केरबाच आला. म्हणाला, दादा, म्या धरतो, तुम्ही उतरा सावकाश.

दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, श्रीपती परसातल्या बांधापाशी आला. रात्रभर त्याला झोप नव्हती. पण ते काही दुःखानं नाही. त्याला एक गोष्ट सापडली होती आणि ती पोटात राहत नव्हती.

बांधापलीकडं हैबतीबुवा तुळशीपाशी बसले होते. मांडीवर घोंगडी घडी घालून ठेवलेली.

श्रीपतीनं सगळं घडाघडा सांगितलं. बुवा, आता मला वर्म कळलं. डोकं खोटं बोलतं, हात खोटं बोलत नाही. जे गाणं खरं, तिथं हात थांबतो. आता काय बिशाद कुणाची. पुढच्या वर्षी शेंगा. त्याच्या पुढच्या वर्षी शेंगा. शेजारच्या गावांनाही सांगणार. परीक्षक नको, मतं नकोत, एकेक मूठ शेंगा खिशात टाका आणि बसा...

बुवा ऐकत होते. मध्येच त्यांनी घोंगडीवरची एक काडी उचलून टाकली.

"पुढच्या वर्सी तुझ्या हाताला ठावं असंल की रं."

"काय?"

"की तू त्याच्याकडं बघतूयास."



श्रीपतीनं विचार केला. बराच वेळ केला. खरंच की. पुढच्या वर्षी हात शेंगेकडं जाईल तेव्हा डोकं आधीच तिथं जाऊन बसलेलं असेल. थांबावं की फोडावं, तेच सांगेल. आणि मग तो पुन्हा श्रीपतरावच.

हातात आलेलं असं निसटलेलं बघून त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"मग न्याय करायचा कसा, बुवा?"

बुवा घोंगडीच्या घडीवरून हात फिरवत राहिले.

गोठ्यात गाय हंबरली. खालच्या आळीत अजून टाळ वाजत होते. वरच्या आळीत जयवंतरावांचा रियाज चालला होता, पेटी न घेता, नुसता गळा. तोही वाऱ्यावर येत होता. दोन्ही आवाज बांधापाशी येऊन एकमेकांत मिसळत होते. श्रीपती ऐकत उभा राहिला.

मग त्याला काहीतरी आठवलं. त्याचा हात आपसूक खांद्याकडं गेला, जिथं काल सकाळी ओलं धोतर होतं.

"बुवा..."

"हं."

"काल सकाळी, वाटेवर, ते गाणं..."

"कोण हुतं?"

"ठाऊक नाही," श्रीपती म्हणाला. "चांगलं होतं."

हैबतीबुवांनी काठी टेकली. गुडघ्यावर हात देत, कण्हत उठले. बांधापाशी आले आणि घडी घातलेली काळी घोंगडी त्यांनी बांधावरून श्रीपतीच्या हातात दिली.

"घिऊन जा," ते म्हणाले. "उद्या बी धुकं हाय."